फेसाच्या आत काय दडलंय?

मित्रहो, 'फेस जास्त तर सफाई जास्त' हे आपल्याकडचं सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवं वाक्य असावं. कपडे, भांडी, केस, काहीही धुवायचं असो, फेस आला नाही तर आपलं समाधान होत नाही. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये बादलीभर फेस करून त्यात शर्ट बुडवून झोपी जाणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत! पण हा फेस नेमका कशाचा? एकाच पदार्थाचा की चार-पाच पदार्थांच्या खिचडीचा? आणि खिचडीच असेल तर त्यातली डाळ वेगळी, तांदूळ वेगळा कसा ओळखायचा? या लेखात मी तेच सांगणार आहे.

हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही. भऱ्याच्या आमच्या मेसमध्ये भांडी घासायला सुटं लिक्विड येतं. पांढरा कॅन, त्यावर ना नाव, ना घटकांची यादी, ना तारीख. गेल्या सत्रात भांडी घासणाऱ्या दोन मावशींच्या बोटांना भेगा पडल्या, तळहाताची सालं निघायला लागली. मी विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "बाळा, भांडी निघतात रे, पण हात राहत नाहीत." मेस कमिटीत चर्चा झाली. कुणी म्हणालं 'केमिकल जास्त आहे', कुणी म्हणालं 'ॲसिड आहे', कुणी म्हणालं 'पाणीच जड आहे'. म्हटलं, आपण केमिकल इंजिनिअरिंगला आहोत ना? मग अंदाज कशाला? नमुना घेऊ आणि बघू.

आधी थोडं मूळ प्रकरण

सरफॅक्टंट म्हणजे पृष्ठक्रियाशील पदार्थ. त्याच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपटी असते. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. शेपट्या तेलकट मळात घुसतात, डोकी पाण्याकडे राहतात आणि मळ छोट्या गोळ्यांच्या रूपात सुटून पाण्यात तरंगतो. डोक्यावरच्या विद्युतभारावरून त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग ऋणभारित. साधा साबण, डिटर्जंट पावडरीतला लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनेट (पुढे याला एलएएस म्हणू), शाम्पूतले सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस) आणि सोडियम लॉरेथ सल्फेट (एसएलईएस) हे सगळे यात येतात. दुसरा धनभारित. कपडे मऊ करणारी लिक्विडं, केसांचा कंडिशनर, काही जंतुनाशकं यांत तो असतो. तिसरा प्रभाररहित, म्हणजे ज्याला भारच नाही. फॅटी अल्कोहोलला इथिलीन ऑक्साईडची साखळी जोडून केलेले पदार्थ यात येतात. आपल्या आजीच्या रिठ्यातलं सॅपोनिनही याच गटातलं. चौथा उभयधर्मी. पीएच बदलला की याचा स्वभाव बदलतो. बेबी शाम्पूत घालतात ते बीटेन याच जातीचं.

हे पदार्थ काही सातासमुद्रापार तयार होत नाहीत. एलएएस ज्यापासून बनतं ते अल्किल बेंझीन रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला बनतं. तारापूर आणि तळोजे इथे सरफॅक्टंटचे मोठे कारखाने आहेत. अल्किल बेंझीनवर सल्फोनेशन केलं की जो दाट, तपकिरी, काकवीसारखा द्रव मिळतो त्याला बाजारात 'ॲसिड स्लरी' म्हणतात. छोटे उत्पादक ही स्लरी ड्रमने विकत आणतात, पाण्यात कॉस्टिक सोडा घालून तिला उदासीन करतात, वर थोडं एसएलईएस, युरिया, मीठ, रंग आणि लिंबाचा वास घालतात. झालं डिशवॉश!

इथे हिशेब महत्त्वाचा आहे. १०० ग्रॅम ॲसिड स्लरीला साधारण १२ ते १३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. कमी पडलं तर लिक्विड आम्लधर्मी राहतं, जास्त पडलं तर मोकळं कॉस्टिक शिल्लक राहतं. काटा आणि पीएच पेपर वापरला तर अडचण नाही. 'अंदाजे एक मग' असं माप असेल तर अडचण आहे.

पहिली वाटणी : अल्कोहोल

मिश्रण कितीही गुंतागुंतीचं असलं तरी विश्लेषणाचा पहिला नियम सोपा आहे : आधी ढोबळ वाटणी, मग बारीक. नमुना वॉटर बाथवर सुकवायचा आणि गरम ९५ टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये ढवळून गाळायचा. सरफॅक्टंट अल्कोहोलमध्ये उतरतात. धुण्याचा सोडा, सोडियम सल्फेट, फॉस्फेट, सिलिकेट हे गाळणकागदावर राहतात. धुण्याच्या पावडरीवर हा प्रयोग करून बघा. कागदावर उरलेला पांढरा ढीग बघून डोळे उघडतात. पावडरीचा बराच मोठा भाग सरफॅक्टंट नसतोच.

पण सावधान! अल्कोहोलमध्ये उतरलं ते सगळं सरफॅक्टंट असं समजू नका. युरिया अल्कोहोलमध्ये छान विरघळतो, ग्लिसरीन विरघळतं, थोडं मीठही जातं. म्हणजे नुसतं वजन केलं तर युरिया घालून 'माल' फुगवणारा पास होईल. म्हणून अर्काचा थोडा भाग सुकवून तापवायचा आणि बाय्युरेट चाचणी करायची. जांभळा रंग आला की युरिया पकडला गेला. मीठ सिल्व्हर नायट्रेटने कळतं. जाता जाता सांगतो, एसएलईएसच्या द्रावणात मीठ घातलं की ते एका मर्यादेपर्यंत दाट होत जातं. तेव्हा 'दाट म्हणजे भारी' हेही वाक्य फेसाच्या वाक्याइतकंच फसवं आहे.

निळा रंग कुणीकडे जातो?

आता माझी सर्वांत आवडती चाचणी. मिथिलीन ब्लू हा धनभारित रंग आहे. तो पाण्यात राहतो, क्लोरोफॉर्ममध्ये जात नाही. परीक्षानळीत आम्लयुक्त मिथिलीन ब्लूचं द्रावण घ्या, खाली क्लोरोफॉर्मचा थर. वर पाणी निळं, खाली क्लोरोफॉर्म स्वच्छ. त्यात ऋणभारित सरफॅक्टंटचे दोन थेंब टाकून हलवा. धनभारित रंग आणि ऋणभारित सरफॅक्टंट यांची जोडी जमते. जोडीवर आता एकूण भार नसतो आणि वर तेलकट शेपटी असते, त्यामुळे जोडी पाण्याचं घर सोडून क्लोरोफॉर्मच्या घरी राहायला जाते. खालचा थर निळाशार होतो!

मी प्रयोगशाळेत पाच नळ्या लावल्या. एकीत मेसचं लिक्विड, दुसरीत शाम्पू, तिसरीत अंगाचा साबण, चौथीत रिठ्याचं पाणी, पाचवीत कपडे मऊ करायचं लिक्विड. पहिल्या दोन नळ्यांत निळा रंग खाली उतरला. बाकीच्या तिन्हींत उतरला नाही. पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिथेच खरा धडा आहे.

साबण ऋणभारित असूनही का नापास झाला? कारण द्रावण आम्लयुक्त आहे. साबण हे दुबळ्या फॅटी आम्लाचं मीठ. आम्लात त्याचं पुन्हा फॅटी आम्ल होतं, भार नाहीसा होतो, मग जोडी कुणाशी जमणार? सल्फोनेट आणि सल्फेट यांची आम्लं जोरकस असल्याने ती आम्लातही भार सोडत नाहीत. रिठ्याच्या सॅपोनिनला मुळात भारच नाही. आणि कपड्यांच्या लिक्विडातला सरफॅक्टंट स्वतःच धनभारित, म्हणजे मिथिलीन ब्लूच्याच पक्षातला. त्याला ओळखायची युक्ती अशी : पहिल्या नळीतल्या निळ्या क्लोरोफॉर्मवर त्याचे थेंब टाकत जा. तो ऋणभारिताशी जोडी जमवतो, मिथिलीन ब्लूला बाहेर काढतो आणि निळा रंग परत वर पाण्यात येतो.

आता 'फेस येतो म्हणजे डिटर्जंट आहे' या विधानाकडे पुन्हा बघा. पाचपैकी चार नळ्यांत भरपूर फेस होता. फेसाने काहीच सांगितलं नाही, रंगाने सांगितलं.

किती आहे? आणि त्यातलं कोणतं?

वरच्याच तत्त्वावर एस. आर. एप्टन यांनी १९४७-४८ च्या सुमारास दोन थरांचं टायट्रेशन बसवलं. ऋणभारित नमुन्यात मोजून धनभारित द्रावण सोडायचं. जेव्हा रंग दोन्ही थरांत सारखा दिसतो तो शेवटचा बिंदू. पुढे १९६० च्या दशकात मिथिलीन ब्लूच्या जागी डायमिडियम ब्रोमाईड आणि डायसल्फिन ब्लू यांचं मिश्रण आलं. त्यात क्लोरोफॉर्मचा थर गुलाबीवरून करडा-निळा होतो. डोळ्याला ते पकडायला सोपं जातं. टायट्रंट म्हणून हायामिन नावाचं धनभारित संयुग वापरतात.

पण यातून एकूण ऋणभारित कळतं, एलएएस किती आणि एसएलईएस किती हे कळत नाही. यासाठी जुन्या लोकांनी एक झकास मार्ग काढला. एलएएसमध्ये गंधक थेट कार्बनला जोडलेला असतो. एसएलएस आणि एसएलईएसमध्ये मधे ऑक्सिजन असतो. सौम्य सल्फ्युरिक आम्लात काही तास रिफ्लक्स केलं की मधला ऑक्सिजनवाला बंध तुटतो, अल्कोहोल सुटं होतं आणि ऋणभार जातो. एलएएसला मात्र काहीही होत नाही. म्हणजे उकळण्याआधी एक टायट्रेशन, उकळल्यानंतर दुसरं. फरक हाच सल्फेटवाल्यांचा वाटा.

एक उदाहरण सोडवू. समजा १० ग्रॅम लिक्विड १ लिटर केलं आणि त्यातले २५ मिलि घेतले, म्हणजे ०.२५ ग्रॅम नमुना. ०.००४ मोलर हायामिन उकळण्याआधी १८ मिलि लागलं, उकळल्यावर १२.५ मिलि.

एलएएस : १२.५ × ०.००४ = ०.०५० मिलिमोल. रेणुभार ३४५ धरला तर १७.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ६.९ टक्के.
एसएलईएस : ५.५ × ०.००४ = ०.०२२ मिलिमोल. रेणुभार ३८० धरला तर ८.३६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ टक्के.

एक ब्युरेट, एक फ्लास्क आणि कंडेन्सर. एवढ्यावर मिश्रणातले दोन सख्खे भाऊ वेगळे ओळखता आले की नाही?

प्रभाररहित सरफॅक्टंटसाठी कोबाल्ट थायोसायनेट वापरतात. इथिलीन ऑक्साईडची साखळी असेल तर निळं संयुग बनतं. शिवाय अशी द्रावणं तापवली की एका ठरावीक तापमानाला गढूळ होतात आणि थंड केल्यावर पुन्हा निवळतात. प्रत्यक्ष वेगळे काढायचे असतील तर आयन एक्स्चेंज रेझिनचे दोन कॉलम एकापुढे एक लावायचे, आधी कॅटायन, मग ॲनायन. भारवाले सगळे आत अडकतात, प्रभाररहित मंडळी (आणि आपला युरियाही!) सरळ खाली येतात. नंतर ॲनायन कॉलममध्ये अडकलेले ऋणभारित मिथेनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढता येतात.

आणि ज्याच्याकडे कॉलम नाही त्याने टीएलसी करावं. सिलिका जेलच्या पट्टीवर नमुन्याचा ठिपका, शेजारी शुद्ध एलएएस, एसएलएस, साबण यांचे ठिपके. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि किंचित सौम्य सल्फ्युरिक आम्ल अशा द्रावकात पट्टी उभी करायची, वाळवायची, मग आयोडीनच्या बरणीत ठेवायची. तपकिरी ठिपके उमटतात. आपल्या नमुन्याचा ठिपका कुणाच्या रांगेत आला ते बघायचं. इथिलीन ऑक्साईडवाले एका ठिपक्यात बसत नाहीत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे पसरतात, कारण त्यांच्यात कमी-जास्त लांबीच्या साखळ्यांची गर्दी असते.

मोठी यंत्रं काय जास्त सांगतात?

खरं म्हणजे 'एलएएस' हे सुद्धा एका पदार्थाचं नाव नाही. त्यात १० ते १३ कार्बनच्या शेपट्या असतात आणि बेंझीनचं कडं शेपटीवर कुठे जोडलंय त्यानुसार भावंडं आणखी वाढतात. ही भावंडं वेगळी करायला एचपीएलसी लागतं. एलएएसमध्ये बेंझीनचं कडं असल्याने ते अतिनील प्रकाश शोषतं, सुमारे २२५ नॅनोमीटरला नीट दिसतं. एसएलएसला कडंच नाही, म्हणून अतिनील डिटेक्टरला ते जवळजवळ अदृश्य. डिटेक्टरला दिसलं नाही म्हणजे नाहीच, असा निष्कर्ष काढणारे इथे हमखास फसतात!

मास स्पेक्ट्रोमीटर जोडला की प्रश्न मिटतो. ऋण आयनांच्या स्पेक्ट्रममध्ये एसएलएस २६५ ला दिसतं. एसएलईएसमध्ये प्रत्येक इथिलीन ऑक्साईडमागे ४४ वाढतात : ३०९, ३५३, असे. एलएएस २९७, ३११, ३२५, ३३९ असं १४-१४ च्या उड्या मारत जातं. पॅटर्न पाठ झाला की स्पेक्ट्रम बघताच नाव सांगता येतं. इन्फ्रारेडमध्ये साबणाचा कार्बोक्सिलेट १५६० च्या आसपास ठसठशीत उठतो. पण मिश्रण न वेगळं करता सरळ इन्फ्रारेड घेतलं तर सगळ्यांचे पट्टे एकमेकांवर चढतात. यंत्र कितीही महाग असलं तरी आधीची वाटणी टाळता येत नाही.

मग मेसच्या लिक्विडात काय निघालं?

मिथिलीन ब्लूने ऋणभारित असल्याचं सांगितलं. आम्लात उकळण्याआधीचं आणि नंतरचं टायट्रेशन जवळपास सारखं आलं, म्हणजे ऋणभारित माल बहुतेक सगळा एलएएस. कोबाल्टने रंग दिला नाही. युरिया आणि मीठ होतं. इथपर्यंत धक्कादायक काहीच नव्हतं. अशी लिक्विडं सगळीकडे मिळतात.

धक्का पीएच पेपरने दिला. तो गर्द निळा झाला. पण अल्कली कोणती, सोडा की कॉस्टिक? दोन्ही पेपर निळा करतात, पण हाताच्या दृष्टीने दोघांत फार फरक. इथेही वाटणीच कामाला आली. नमुना उदासीन केलेल्या अल्कोहोलमध्ये घेतला, बेरियम क्लोराईड घातलं. धुण्याचा सोडा असेल तर तो बेरियम कार्बोनेट होऊन खाली बसतो आणि अल्कलीपणा संपतो. कॉस्टिक असेल तर ते द्रावणात तसंच राहतं. मग फिनॉल्फ्थॅलीन टाकलं. गुलाबी! म्हणजे मोकळं कॉस्टिक.

पुढच्या आठवड्याचा कॅन तपासला तर पीएच जवळजवळ ७. त्याच्या पुढचा पुन्हा वर. याचा अर्थ बनवणारा मोजून कॉस्टिक घालत नव्हता. मी असं म्हणत नाही की सगळा दोष कॉस्टिकचाच. एलएएससुद्धा कातडीतलं तेल ओढून घेतं आणि दिवसातले चार-पाच तास हात पाण्यात असले की कुणाचीही कातडी सोलवटेल. पण या सगळ्यांतलं सहज टाळता येण्यासारखं जे होतं ते मोकळं कॉस्टिक, आणि 'केमिकल जास्त आहे' एवढंच म्हणत बसलो असतो तर ते सापडलं नसतं. ॲसिड आहे म्हणणाऱ्याचं ऐकून कुणी त्यात सोडा घातला असता तर काय झालं असतं, विचार करा.

मेस कमिटीने तीन गोष्टी केल्या. लेबल असलेला माल घ्यायचा, प्रत्येक नवा कॅन उघडल्यावर पीएच पेपर लावायचा आणि मावशींना चांगले हातमोजे द्यायचे. पीएच पेपरची वही आता मावशींकडेच असते. 'हिरवा आला तर ठेवायचा, निळा आला तर परत' हे त्यांना कुणी दोनदा सांगावं लागलं नाही. रिपोर्टची प्रत मी पुरवठादारालाही दिली.

आणि नदीवरचा फेस?

आपल्या धुण्याचं पाणी शेवटी नदीतच जातं. मुळशी धरणातून निघालेली मुळा आपल्या तालुक्यातून वाहत पुण्याला जाते. तिकडे आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे थर साचल्याचे फोटो २०२३ आणि २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी पाहिले. १९५०-६० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवरही असेच डोंगर उठत. तेव्हाच्या डिटर्जंटची शेपटी फांद्यांची होती आणि जिवाणूंना ती नीट खाता येत नव्हती. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या उद्योगाने १९६५ मध्ये सरळ शेपटीचं एलएएस आणलं. सरळ शेपटी जिवाणू खातात, पण त्यासाठी ऑक्सिजन आणि वेळ लागतो, म्हणजेच सांडपाण्यावर प्रक्रिया लागते.

नदीच्या पाण्यात मिथिलीन ब्लूवर एकट्यावर विसंबता येत नाही. कुजलेल्या पालापाचोळ्यातली आम्लं आणि क्लोराईड, नायट्रेटसारखे क्षारही थोडा निळा रंग खाली ओढतात. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, 'मिथिलीन ब्लूशी क्रिया करणारे पदार्थ' असंच मोजमाप धरलं आहे : ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १ पर्यंत. नेमकं काय आहे ते कळायला आधी सरफॅक्टंट वेगळा काढावा लागतो. त्याची पद्धत ऐकून मला हसू आलं होतं. उंच नळीत पाणी घ्यायचं, वर इथाइल ॲसिटेटचा थर आणि खालून नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे. सरफॅक्टंट सवयीप्रमाणे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर चढतो, वर जातो आणि इथाइल ॲसिटेटमध्ये अडकतो. ज्या गुणाने तो फेस करतो त्याच गुणाने त्याला पकडायचं!

तर मित्रहो, हे प्रयोग करून बघायचे असतील तर क्लोरोफॉर्म फ्यूमहूडमध्येच हाताळा आणि उरलेला सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमवा. बाकी पीएच पेपर, मिथिलीन ब्लू आणि थोडी चिकाटी एवढ्यावर बरंच काही समजतं. आणि आज रात्री बादलीत पावडर टाकताना एक चमचा कमी टाका. शर्ट तितकाच स्वच्छ निघेल, याची खात्री करायला मात्र कोणतंही टायट्रेशन लागणार नाही.